भाऱ्याला हात

कोल्हापूर
२ जानेवारी २०२५

ती. बायडाअक्का,

नमस्कार. पत्र बघून घाबरू नका, सगळे जिवंत आहेत. फोनच करणार होते. पण मागच्या खेपेला मी थंडी कशी आहे म्हणून तीनदा ओरडले, तुम्ही तीनदा म्हैस व्याली म्हणून सांगितलंत, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार बायकांनी मला रेडकाची खुशाली विचारली. तेव्हा पत्रच बरं. शिवाय हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

मी एक इंग्रजी शब्द शिकले आहे. बासष्टाव्या वर्षी, सातवी पास बाईनं.

त्याचं असं झालं. सोमवारी दुपारी मी स्वयंपाकघरात तांदूळ निवडत बसले होते. सूनबाई आतल्या खोलीत तिच्या मैत्रिणीशी, मोनाशी, फोनवर बोलत होती. स्वप्नाली घरूनच बँकेचं काम करते, त्यामुळे दिवसभर तिचं इंग्रजी घरात पंख्याच्या आवाजासारखं चालू असतं. मी लक्ष देत नाही. पण मध्येच 'आई' आलं, आणि पाठोपाठ 'इनसफरेबल'. मी तो शब्द लगेच गॅसच्या पावतीमागं लिहून घेतला. तांदळातला खडा बाजूला काढून ठेवतात ना, तसा.

यांनी रद्दीच्या दुकानातून आणलेला जाडा इंग्रजी-मराठी कोश तुम्ही बघितला आहे. त्याची पहिली साठ पानं नाहीत, त्यामुळे आमच्या घरात 'ए'पासून सुरू होणारं इंग्रजी नाही. माझं नशीब की हा शब्द पुढं होता. अर्धा तास लागला, पण सापडला. 'असह्य. सोसवणार नाही असा किंवा अशी.'

मी आधी पुरावा तपासला. घरात माणसं चार. विजयसिंह तिचा नवरा, तो असह्य असला तरी ती मोनाला सांगणार नाही. सम्राट आठ महिन्यांचा. तिची स्वतःची आई सांगलीला, तिला ती 'मम्मी' म्हणते. उरले कोण? शाळेत गणितात मी कच्ची होते, पण इतकी नव्हे.

अक्का, मी काय करते हो? यांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून मी कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. सकाळी उठते, अंघोळ करते, माझं एक छोटंसं काम असतं ते उरकते, चहा घेते, पोराला खेळवते, वाचत बसते. शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही, एवढंच माझं व्यसन. यात असह्य ते काय?

तेव्हा विचारते. नेसरीच्या घरातली तुमची मागची खोली रिकामी आहे का? संक्रांत झाली की यावं म्हणते. चार दिवसांसाठी नाही, राहायलाच. विजयसिंहला अजून बोललेले नाही, तुम्हीही बोलू नका.

तुमची धाकटी जाऊ,
ताना


नेसरी
८ जानेवारी

ताना,

पत्र पोचलं. खोली हाय. तिच्यात शेंगांची पोती हायत आन एक मांजरीन हाय. पोती हलवता येतील, मांजरीचं सांगत न्हाय.

त्या शब्दाचं काय एवढं घिऊन बसलीस? आपली सासू मला रोज तीनदा मराठीत बोलायची, ते समजायला कोश लागत नव्हता. तिच्या मानानं तुझी सून लई सोज्वळ. निदान आतल्या खोलीत जाऊन बोलली.

जेवायला तर घालती न्हवं? ते लिहिलं न्हाईस म्हणून इचारते. घालत नसंल तर येसटीनं येते आन दोघास्नी समोर बसवून इचारते. माझा आवाज तुला ठावं हाय.

दुसरं. तू तांदळातल्या खड्याचं लिहिलंस, मोनाचं लिहिलंस, कोशाची पानं मोजून लिहिलीस. आन सकाळचं तुझं 'छोटंसं काम' कसलं, ते तेवढं लिहिलं न्हाईस. कान गेलं असलं तरी मला वाचाय येतं. काय करतीस सकाळी?

बायडा


कोल्हापूर
१७ जानेवारी

ती. अक्का,

जेवायला घालते. तिसरी भाकरी नको म्हटलं तरी वाढते. येऊ नका.

छोटंसं काम विचारलंत. विचाराल असं वाटलंच होतं, म्हणूनच लिहिलं नसावं.

यांची एम-एटी अजून पोर्चमध्ये आहे. गडमुडशिंगीहून दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लावून यांनी तिच्यावर सव्वीस वर्षं शहरात रतीब घातला, ते तुम्हाला माहीत आहे. यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, गाडी चार दिवस बंद राहिली की बसते. दिवसकार्य संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मला ते आठवलं. चार दिवस कधीच उलटून गेले होते. मी धावत जाऊन किक मारली. तेराव्या किकला सुरू झाली. त्या दिवशी मला जेवण गेलं.

तेव्हापासून रोज सकाळी पावणेसहाला मी निऱ्या खोचून एम-एटीला किक मारते आणि दहा मिनिटं चालू ठेवते. मला चालवता येत नाही. स्टँडवरून खालीसुद्धा काढता येत नाही. डॉक्टरांनी गुडघ्यासाठी जिने चढू नका म्हणून सांगितलंय, किकचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. विजयसिंह महिन्याला पेट्रोल आणून ठेवतो. बोलत काही नाही, बापावर गेलाय.

आता जे लिहायचं ते दोनदा लिहून खोडलं, ही तिसरी खेप.

गाडी उभी असते तिथंच वर स्वप्नालीच्या खोलीची खिडकी आहे. पाळणा त्या खिडकीपाशी. सम्राटला दिवाळीपासून खोकला आहे. तिनं मला तीनदा सांगितलं. पहिल्यांदा गोड बोलून, की आई, गाडी जरा गेटबाहेर नेऊन सुरू कराल का. मी हो म्हटलं आणि केलं नाही. दुसऱ्यांदा विजयसिंहकडून सांगून पाहिलं. मी म्हटलं, धूर शेजारच्यांच्या पाचोळ्याचा आहे. तिसऱ्यांदा बालरोग डॉक्टरांकडून आल्यावर तिनं नुसतं सांगितलं, 'आई, डॉक्टर म्हणाले धूर नको.' त्या दिवशी जेवले नाही. उपाशी झोपणं हे आमच्या पिढीचं हत्यार आहे, त्याला परवाना लागत नाही. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी परत किक मारली.

शेजारचे लोक पाचोळा जाळत नाहीत अक्का. त्यांच्याकडं झाडच नाही.

आणखी एक राहिलं. मोनाला तो शब्द सांगताना स्वप्नाली रडत होती. पहिल्या पत्रात मी ते गाळलं, कारण ती रडली म्हटल्यावर माझं रडगाणं बसत नव्हतं.

तर कोशातला अर्थ मला पटेना. म्हणजे पटला होता, म्हणूनच पटेना. कुठंतरी तो शब्द आपल्या बाजूचा निघेल या आशेनं मी बसनं ग्रंथालयात गेले. तिथले अभिनंदन चौगुले मला ओळखतात. दोन वर्षांनी निवृत्त होतील, आणि तोवर माझ्यापासून सुटका नाही हे त्यांनी मान्य केलंय. मी त्यांना म्हटलं, एका मैत्रिणीच्या सुनेनं तिला असं असं म्हटलंय, त्याचं मूळ काय ते बघायचंय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि 'बसा, मैत्रिणीच्या मैत्रीण' म्हणून कपाटावरचा भला मोठा ग्रंथ काढला.

शब्द लॅटिनमधून आलाय. सुरुवातीचं 'इन' म्हणजे नाही. मधलं 'सफर' म्हणजे सोसणं, आणि ते दोन तुकड्यांचं. एक तुकडा 'खालून', दुसरा 'वाहून नेणं'. कशाच्या तरी खाली जाऊन ते वाहून नेणं. आणि शेवटी 'जमेल असं'. सगळं जोडलं तर, खाली शिरून वाहून नेता येणार नाही असं ओझं. चौगुल्यांनी पुढं वाचलं आणि थांबले. म्हणाले, वहिनी, हे वाहून नेणं म्हणजे आपला 'भार'च की. लॅटिन आणि संस्कृत लांबच्या चुलतबहिणी, त्यांच्यात हा एक धातू सामाईक राहिलाय.

मी घरी येईपर्यंत बसमध्ये तेच धरून बसले होते. भार. भारा. नेसरीचा माळ, वैरण, डोक्यावर चुंबळ. म्हणजे स्वप्नालीनं मला शिवी दिलीच नव्हती. हा भारा माझ्याच्यानं नेववत नाही, एवढंच ती म्हणाली होती. सातवी पास बाईला जे समजायला सतरा दिवस लागले, ते तिनं एका शब्दात सांगितलं. शिक्षणाचा फायदा असतो.

म्हणून माझं येण्याचं पक्कं. भारा उचलत नसेल तर भाऱ्यानं आपणहून उतरावं. मंगळवारी, २८ तारखेला, टेम्पोनं येते. टेम्पो अशासाठी, की एम-एटी पण आणते. तुमच्या गोठ्यात एक कोपरा द्या. म्हशीला धुराचं काही वाटेल का?

ताना


नेसरी
२२ जानेवारी

ताना,

म्हशीला वाटंल. मला बी वाटंल. ती गाडी हितं आणायची न्हाय.

आधी एक सांगते, राग आला तर येऊ दे. हंबीरभावजी गणपतीला आलं की माझ्याकडनं कंबर शेकून घ्यायचं. तुला सांगू नगा म्हणायचं, तू काळजी करशील म्हणून. त्यांचं मणकं त्या गाडीनं खाल्लं. शेवटच्या वर्साला म्हणालं होतं, वहिनी, एकदा हे धूड आकारामच्या गळ्यात बांधलं की सुटलो. आकाराम म्हंजे त्यांच्याबरोबर रतीब घालायचा तो. त्यानं मागितली बी होती. तू ज्या गाडीला देवागत जपतीस तिला भावजी धूड म्हणायचं, हे तुला सांगायचं न्हाय असं मी तीन वर्सं ठरवलं होतं. आज मोडलं.

आता भाऱ्याचं. तूच काढलंस म्हणून लिहिते.

चुली येगळ्या झाल्या तवा आपण दोघी दीड वरीस बोललो न्हाय. तुला आठवत असंल, कशावरनं ते मला आता आठवत न्हाय, आन तू सांगू नको, परत राग येईल. त्या दीड वरसात रोज सांजचं माळावर तू वैरण बांधायचीस. बांधलेला भारा भुईवरनं आपला आपल्याला डोक्यावर घेता येत न्हाय. डोक्यावर आला की दोन कोस नेता येतो, पर उचलाय दुसऱ्याचा हात लागतो. आन आपल्यात रीत हाय, तोंड बंद असलं तरी भाऱ्याला हात न्हाय म्हणायचं न्हाय. वाटसरू असला तर पावणं म्हणून हाक मारायची, वैरी असला तर नुसतं उभं ऱ्हायचं.

तू हाक मारली न्हाईस कधी. भाऱ्यापाशी उभी ऱ्हाऊन खाकरायचीस. मी येऊन हात लावायची, तुझ्या चुंबळीवर भारा बसला की माघारी. एक शब्द न्हाय. दीड वरीस माझ्या हातानं तुझा भारा उठला आन तुझ्या हातानं माझा. आता माझं कान गेलं, न्हायतर तुझं खाकरणं मला हितनं ऐकू आलं असतं.

सून म्हणती नेववत न्हाय. आगं, तू तिला हात तरी लाव म्हणालीस का? तीन वर्सं एकटी उचलाय बघतीस आन खाकरत बसलीस. ती सांगलीची, फ्लॅटात वाढलेली. तिला खाकरण्याचं काय कळणार? तिला वाटलं असंल तुला बी खोकला झालाय.

हाक मार. मग यायचं तर ये.

बायडा


नेसरी
३१ जानेवारी

मंगळवार गेला. खोली झाडून ठेवलीया, पोती माळ्यावर टाकली, मांजरीला बी समजावलं. कुठं हायस? रागावलीस काय?

बायडा


कोल्हापूर
१० फेब्रुवारी

ती. अक्का,

रागावले होते. पाच दिवस. धूड म्हटल्याचा राग तुमच्यावर काढायचा की यांच्यावर, ते ठरेना. शेवटी फोटोसमोर उभी राहून यांनाच बोलले. कंबर शेकायला नेसरीला जायचं, आणि घरात बाम असताना मला म्हणायचं काही नाही झालं. यांनी काही उत्तर दिलं नाही. तेही उपाशी झोपणाऱ्यांतलेच.

मंगळवारी टेम्पो सांगितला होता. सकाळी पावणेसहाला मी पोर्चमध्ये गेले. किक मारली नाही. ती मारली की दिवस रोजच्यासारखा सुरू होईल असं वाटलं. गाडीपाशी उभी राहिले आणि, तुम्ही हसाल, खाकरले. मुद्दाम नाही, आपोआप. तुमचं पत्र वाचून पाठ होतं, तरी खाकरले. कोण येणार? मग दुसऱ्यांदा खाकरले, जरा जोरात. समोरच्या घरातला कुत्रा आला.

मग हाक मारली. बासष्ट वर्षांत मी मोठमोठ्या गोष्टी केल्या आहेत असं नाही, पण ही त्यातली एक धरा. 'स्वप्नाली, जरा हात लाव गं.'

ती पोराला कडेवर घेऊन पळत आली. तिला वाटलं, गाडी माझ्या अंगावर पडली. केस मोकळे, एका पायात चप्पल. मी धडधाकट उभी आहे हे बघून तिला राग यावा की बरं वाटावं हे कळेना. तिनं विचारलं, 'कुठं न्यायचीय?' मी म्हटलं, मला माहीत नाही, पण इथून न्यायचीय. ती माझ्याकडं बघत राहिली. मग आत गेली, पोराला विजयसिंहच्या कुशीत ठेवलं, केस बांधले, दुसरी चप्पल घातली आणि आली.

दोघींनी जोर लावून गाडी स्टँडवरून खाली काढली. आणि ती धप्पकन खाली बसली. अक्का, दोन्ही टायर कुजलेले. हात लावला तर रबराचे तुकडे हाताला आले. मी तीन वर्षं रोज सकाळी इंजिन जागं ठेवलं, आणि ती गाडी गेटपर्यंतसुद्धा जाण्यासारखी राहिली नव्हती. टायरांकडं मी एकदाही वाकून बघितलं नव्हतं. स्वप्नालीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. हसू आधी कुणाला आलं ते सांगता येत नाही. मी पायरीवर बसून हसले, आणि मग ते हसणं राहिलं नाही. ती शेजारी बसली. पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, ते बरं केलं. नुसती बसली.

टेम्पोवाला आला तेव्हा त्याला म्हटलं, नेसरी नको, गडमुडशिंगीला आकारामकडं चल. तो गाडीला हात लावायला पुढं झाला, तर स्वप्नाली म्हणाली, तुम्ही थांबा, आम्ही चढवतो. बिनहवेची एम-एटी फळीवरून टेम्पोत चढवणं म्हणजे काय, ते माझा गुडघा अजून सांगतोय. ती मागून रेटत होती, मी हँडल धरलं होतं. मध्येच ती थांबून धापा टाकत म्हणाली, 'आई, एक सांगायचंय. मी मोनाला फोनवर तुमच्याबद्दल—'

मी म्हटलं, 'माहीत आहे. शब्द बरोबर होता. मी बघून आले.'

तिचा चेहरा उतरला. मग तिथंच, अर्धी गाडी टेम्पोत आणि अर्धी फळीवर असताना, मी तिला त्याचं मूळ सांगितलं. खालून वाहणं, भार, वैरणीचा भारा, तुम्ही आणि मी, दीड वर्ष. एम.कॉम. झालेल्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. टेम्पोवाला म्हणाला, 'मावशी, आधी गाडी, मग शाळा.'

स्वप्नालीनं विचारलं, 'म्हणजे खाकरलं की यायचं असतं?'

मी हो म्हटलं.

'मग तुम्ही तीन वर्षं सकाळी उठून खाकरता ते—'

मी म्हटलं, 'रेट.'

आकारामनं गाडी उतरवून घेतली. टायर बघून तो तासभर हसत होता, माझ्या तोंडावर. मग सीटवरनं हात फिरवला. म्हणाला, हंबीरराव असते तर म्हणाले असते, आकाराम, सुटलो. मी म्हटलं, तुम्हालाही माहीत होतं? म्हणाला, रतिबाच्या सगळ्या घरांना माहीत होतं, वहिनी. म्हणजे अर्ध्या शहराला माहीत होतं, आणि मला सांगायला कुणी नाही. तो नवे टायर घालून चालवणार आहे. मी म्हटलं, चालवा, पण आमच्या दारावरून नका.

सम्राटचा खोकला कमी आहे, गेलेला नाही. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. याची मी रोज स्वतःला आठवण करून देते, म्हणजे मला लवकर बरं वाटायला नको.

खोलीचं. मांजरीला खोली परत द्या. पाडव्याला आम्ही चौघं येऊ, चार दिवस. स्वप्नालीला तो माळ बघायचाय.

खरं सांगायचं तर पावणेसहा अजून वाजतातच. जाग येते. पोर्चमध्ये जिथं गाडी होती तिथं तेलाचा डाग आहे, तो घासून जात नाही, आणि मी फार घासतही नाही. पहिले चार दिवस तिथं उभं राहणं कसं होतं त्याला एक इंग्रजी शब्द आहे, तो मला आता येतो.

आज सकाळीही जाऊन उभी राहिले. गारठा होता. घशात काहीतरी आलं असेल, मी खाकरले.

आतून आवाज आला, 'आले, आई.'

ती शाल गुंडाळून आली, डोळे चोळत. इकडंतिकडं बघितलं. म्हणाली, 'काय उचलायचंय?'

मी म्हटलं, 'काही नाही गं. बस जरा.'

तुमची,
ताना